पालथी प्लेट

सँडविचचा पहिला घास घेतला आणि दाताखाली वाळू कचकचली. शी! मी मोठ्यानंच म्हणाले असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईनं आपलं सँडविच उघडून आत पाहिलं. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये काय वाट्टेल ते मिळतं, रबरासारखं चीज, कालचा टोमॅटो, पण वाळू काही मिळत नाही. जिभेनं कण शोधून काढला, कागदी रुमालात थुंकले, तरी आणखी एक होता, आणि मागे हिरडीपाशी आणखी एक. मग डोक्यात प्रकाश पडला. मघाशी वरून निघताना डॅलसनं माझा गाल थोपटला होता. ओल्या वाळूनं बरबटलेला त्याचा तो डावा हात, गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत फिरलेला, आणि वर त्याचं ते "छान." म्हणजे नवऱ्याच्या हातची वाळू तोंडावर घेऊन मी जिना उतरले, रांगेत उभी राहिले, काउंटरवरच्या पोरीनं "सॉस देऊ का?" विचारलं तिला हसून "नको गं" म्हणाले. सँडविच ढकललं बाजूला आणि चहानं चूळ भरली. चूळ थुंकायला जागा नव्हती, म्हणून गिळली. हे आमचं नेहमीचंच.

जेवणानंतर वर मीटिंग आहे. तिथे मला एकच गोष्ट विचारणार आहेत: डॅलसला शुक्रवारी घरी न्यायचं की नर्सिंग होममध्ये टाकायचं. विचारणार म्हणजे आपलं विचारायचं म्हणून. बाकी सगळ्यांचं ठरलेलं आहे. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून झालेत, ट्रूडीनं बापासाठी मागे कलणारी खुर्ची घेतलीय, ती माझ्या हॉलमध्ये, माझ्या खिडकीपाशी येऊन बसलीय. माझी लेक कामाची फार झपाट्याची. फक्त माझं "हो" राहिलंय. आणि खरं सांगायचं तर सकाळी फेरीबोटीत बसून नदी ओलांडताना मी ते "हो" बरोबर घेऊनच आले होते, ट्रूडीला फोनवर सांगितलंही होतं. समोरून कोळशाचं जहाज चाललं होतं, मी त्याच्याकडे बघत म्हणत होते, जाऊ दे रेलीन, माणूस मोडलाय, संपलं. राग धरायला समोर कुणीतरी लागतं ना, ते कुठे आहे आता?

मार्चमध्ये मागच्या शेडमध्ये तो कोसळला. झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळी नाही गेली, एक शब्द राहिला. डॉक्टर म्हणाले, होतं असं. मेंदूची पाटी पुसली जाते आणि एखादा शब्द चुकून कोपऱ्यात राहतो, मग माणूस सगळ्याला तोच वापरतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला "मंगळवार" राहिला होता. भूक लागली की मंगळवार, लघवीला लागली की मंगळवार. कुणाला नुसती शिवीच राहते म्हणे. आमच्या डॅलसला शिवी राहिली असती तर मी म्हटलं असतं, बरोबर, माल घरचाच आहे. पण राहिलं काय, तर "छान"! जो माणूस लग्नाच्या दिवशी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून "चला, उशीर होतोय" म्हणाला, ट्रूडी झाली तेव्हा पाळण्यात डोकावून "पोरगी होय" म्हणाला, त्याला हा शब्द ठाऊक होता हेच मला माहीत नव्हतं. आता सुई टोचली की छान. डायपर बदललं की छान. नर्सनं उशी नीट केली की तिचा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून, छान, छान. नर्सा वेड्या झाल्यात त्याच्यासाठी. "आमचा राजा कसा आहे आज?" राजा! लाळ पुसतात, केस विंचरतात, आणि मला सांगतात, "नशीबवान आहात हं, रेलीन. सगळेच असे गोड नसतात." माझी शेजारीण नोलीन परवा बघायला आली होती. बाहेर येऊन म्हणाली, "एक झटका आमच्या मेल्यालाही येऊ दे गं बाई, जरा गोड तरी होईल." मी हसले. हसता हसता तोंडात आंबट पाणी आलं.

कारण कुणाला सांगू, मला त्याच्या लाळेची किळस येत नाही. सगळ्यांना वाटतं तीच येत असेल. मी शाळेच्या कँटीनमध्ये निम्मं आयुष्य काढलंय, पोरांची ओकारी, शेंबूड, वह्यांत चिकटवलेले च्युइंगम, सगळं या हातांनी काढलंय, मला घाणीचं काही नाही. मला किळस येते ती त्या गोडपणाची. गोगलगाय अन् पोटात पाय! बिनबोभाट सात खून माफ करून घेतले बघा त्यानं, तेही माफी न मागता. एका दुपारी शेडमध्ये पडला आणि उठला तो देवमाणूस. आणि ट्रूडी, जी लग्न झाल्यापासून नाताळशिवाय घरी फिरकली नाही, ती आता रोज येते, त्याचा हात हातात घेऊन थोपटत बसते. तो तिला छान म्हणतो. तिचं वय चाळीस, आणि चेहरा असा होतो की शाळेत बक्षीस मिळालंय. ते बघवत नाही मला. "आई, तुझं ज्याच्याशी वाकडं होतं तो माणूस गेला," ती म्हणते. "हा वेगळाच आहे. याला काही आठवत नाही. तू कुणावर डूख धरून बसलीस?" मला उत्तर यायचं नाही. आज सकाळपर्यंत यायचं नाही.

वाळूचं खूळ सस्कियाचं. ही सस्किया म्हणजे तिथली थेरपिस्ट, पोरगेली आहे, कानात तीन तीन डूल, आवाज कधी चढत नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या मनातलं वाळूत उतरतं म्हणे. लहान मुलांसाठी आहे ते मुळात, पण मोठ्यांनाही चालतं. एक लाकडी ट्रे, आतून निळा रंगवलेला, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसावं. आणि वाळू विकतची! आमच्या समुद्रकाठच्या स्टॉकटनला वारा सुटला की वाळू अंथरुणात येते, चहात येते, नको म्हटलं तरी येते, आणि ही बाई पिशवीतून धुतलेली पांढरी वाळू मागवते. मी पहिल्याच दिवशी तिथे ठेवलेल्या जगमधलं पाणी ग्लासभर पिऊन बसले. मागाहून कळलं, ते वाळू भिजवायचं होतं. सस्कियानं गुपचूप दुसरा जग आणला. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर खेळणी: गाई, मगरी, कुंपणं, सैनिक, नवरी, शवपेटी सुद्धा, बाहुलीघरातली खुर्च्या-टेबलं, बोटाएवढ्या बश्या. "नियम दोनच," सस्किया म्हणाली होती. "डॅलस जे मांडेल ते त्याचं. आपण हात लावायचा नाही आणि अर्थ लावायचा नाही. नुसतं बघायचं." मी म्हटलं, "बाई, नुसतं बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

चार-पाच वेळा त्यानं काहीच केलं नाही. वाळूत डावा हात फिरवायचा, रेघा ओढायच्या, छान म्हणायचं. एकदा एक गाय पुरली, एकदा ट्रक उलटासुलटा चालवला. आयुष्यभर बंदरात क्रेन चालवलेला माणूस, ते बघून मलाही जरा भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. आज सस्कियानं त्याची व्हीलचेअर फळ्यांजवळ नेली आणि त्यानं बोटानं दाखवून दाखवून तीन वस्तू काढून घेतल्या. एक टेबल. एक एप्रनवाली बाई. एक प्लेट. त्याला वाळू ओली हवी होती, पाण्याच्या जगकडे बोट केलं. टेबल मधोमध मांडलं. बाई एका बाजूला उभी केली, टेबलाकडे तोंड करून. दुसऱ्या बाजूला कुणी नाही ठेवलं. मग त्या इवल्याशा प्लेटमध्ये ओल्या वाळूचा ढीग केला, अंगठ्यानं वरून गुळगुळीत केला, बटाट्याच्या लगद्यासारखा, आणि प्लेट टेबलावर ठेवली. जिभेचं टोक बाहेर, कपाळावर घाम. सस्किया श्वास रोखून बघत होती. मी पण. मग त्यानं चिमटीत प्लेटची कड धरली आणि ती पालथी घातली. एक कण बाहेर सांडला नाही. डाव्या हातानं! ज्या हातानं त्याला अजून चमचा नीट धरता येत नाही. मग हात ट्रेच्या काठावर ठेवला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

फेकणाऱ्यांच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. भिंतीवर बश्या फोडणारे, दारं आपटणारे. तसा असता तर आवाज शेजारी गेला असता, नोलीन धावून आली असती, कुणीतरी पोलीस बोलावले असते. डॅलसनं आयुष्यात एक बशी फोडली नाही. तो प्लेट पालथी घालायचा. चॉप्स, बटाट्याचा लगदा, मटार, वर ग्रेव्ही, सगळं मी त्याच्यासमोर ठेवायचं, तो एक घास घ्यायचा, चावायचा, आणि मग अगदी सावकाश, समुद्रावर पोरं बादली उलटी करतात तशी, प्लेट टेबलावर पालथी. का, ते तुम्हीच ओळखायचं. लगद्यात गाठ असेल, जेवणाला उशीर झाला असेल, मी फोनवर बहिणीशी हसत असेन. शब्द नाही. हात काठावर ठेवून बसायचा आणि माझ्याकडे बघायचा, मी प्लेट उचलेपर्यंत. आणि उचलताना तो आवाज यायचा, पच्च असा, ग्रेव्ही सुटताना, तो आवाज माझ्या कानातून कधी गेला नाही. कडेनं चरबी थिजायला लागलेली, मटार टेबलावरून घरंगळत कुठे तरी, टेबलक्लॉथला वास बसलेला. मी सगळं ओढून प्लेटमध्ये परत भरायची, फडकं मारायची, तोवर तो बसून असायचा. पुसून झालं की उठायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःपुरता खिमा भरलेला पफ आणायचा. टेबल पुसलेलं दिसलं की शांत, अगदी शहाण्यासारखा. ट्रूडी मान खाली घालून भराभर जेवायची आणि सायकल काढून पळायची. मी तिला एकदाही काही सांगितलं नाही, तिनं एकदाही विचारलं नाही. त्या घरात आम्ही तिघं कशी राहिलो याचाच कधी कधी वीट येतो मला, भांडणाचा नाही, त्या टापटिपीचा.

तर त्यानं आज माझ्याकडे पाहिलं, तसंच. आणि माझा हात निघाला. मी सांगितलं नाही त्याला. मी खुर्चीत होते, मनात अजून काही उमटलंही नव्हतं, आणि हात आपला आपण ट्रेवरून पुढे, बोटं वाकवून, ती बोटाएवढी प्लेट उचलायला. याची किळस! डॅलसची किळस एका बाजूला आणि ही एका बाजूला. जन्मभर आपल्याच खांद्याला जडलेला हात, आणि तो निघाला कुणाच्या हुकमावर, तर एका लुळ्या माणसाच्या नजरेवर. सहा महिने मी मोकळी होते, एकटी जेवत होते, टेबलावर काय वाटेल ते सांडत होते, आणि त्याला काही कळलंच नव्हतं, त्या हाताला. कापून टाकावासा वाटला.

"रेलीन, नको," सस्किया हळूच म्हणाली. "ते डॅलसचं आहे."

तिनं नियम सांगितला, एवढंच. दुसऱ्या कुणाही बाईला सांगितला असता तसाच. पण माझा हात तिथेच थांबला, हवेत, आणि मला वाटलं, अगं पोरी, इतकी वर्षं कुठे होतीस तू? माझी आई आली होती एकदा जेवायला, तिच्यासमोर झालं होतं हे. ती म्हणाली, "उचल बाई, गार होतंय." बहीण म्हणाली, "गाठी राहू देऊ नयेत गं." ते डॅलसचं आहे, असं कुणी म्हणालं नाही. मलाही सुचलं नाही, हे त्याहून वाईट. मी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसले, शाळेत बसतात तशी. डॅलस वाट बघत होता. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. ती आठी! मी ती कुठेही ओळखीन, अंधारातसुद्धा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ माझ्यासमोर ट्रेच्या काठावर बोटं वाजवत बसला होता. त्यानं सस्कियाकडे पाहिलं, तोंड भरून हसला, छान म्हणाला. परत माझ्याकडे पाहिलं, हसू गेलं. वेळ संपेपर्यंत प्लेट तशीच पालथी.

माणूस समोर असताना त्याची वाळू मोडत नाहीत, म्हणून सगळं तसंच ठेवून आम्ही निघालो. दारात त्यानं माझा गाल थोपटला. नर्स म्हणाली, "अग्गंबाई, किती प्रेम!" आणि सस्किया माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. तिचे डोळे ओलावले होते. "मी बोलायला नको खरं तर," ती म्हणाली, "पण आज पहिल्यांदा त्यानं माणूस मांडला, रेलीन. तुम्हाला मांडलं. तुमच्यासाठी ताट वाढलं." अर्थ लावायचा नाही म्हणणारीच ही. तिचा काय दोष, तिनं लगदा कधी खरवडला नसेल. "हो, वाढलं खरं," मी म्हणाले आणि जिना उतरले, आणि तोंडावर त्याची वाळू घेऊन रांगेत उभी राहिले.

आता वर आलेय. खोली लहान, टेबलावर बिस्किटं, खिडकीतून बंदराचा धक्का दिसतो. सोशल वर्कर दाढीवाला, मऊ बोलणारा. त्याच्या शेजारी सस्किया. ट्रूडी बापाच्या खुर्चीला खुर्ची लावून, त्याचा हात थोपटत. डॅलसला धुऊन पुसून आणलंय, स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. मला पाहून तो छान म्हणाला. सगळे हसले.

"मग रेलीन," दाढीवाला म्हणाला, "शुक्रवारचं कसं काय वाटतंय तुम्हाला?"

"किळस वाटते," मी म्हणाले.

त्याला नीट ऐकू आलं नसावं. तो मान हलवत म्हणाला, "साहजिक आहे. थकवा येतो. भीती वाटते. आम्ही मदतीला माणूस देऊ..."

"थकवा नाही. भीतीही नाही. किळस. मला त्याची किळस येते. आधी येत होती, मधे थोडे दिवस मीच म्हटलं, जाऊ दे. आज परत आली. मी त्याला घरी नेणार नाही."

"आई!" ट्रूडी म्हणाली. "सकाळी तर हो म्हणालीस."

"सकाळचं सकाळी."

"दांडे बसवलेत! खुर्ची आणलीय! एवढं सगळं..."

"मग तुझ्याकडे ने. खुर्ची पण ने. छान आहे."

ती लाल झाली. "माझ्याकडे जिने आहेत," ती म्हणाली.

"हो का."

"आई, माझी नोकरी आहे, माझा फ्लॅट केवढासा, तुला माहितेय. तू घरी असतेस. तो काय मागतो गं तुझ्याकडे? दोन घास! नर्सा सांभाळतात, परक्या बायका सांभाळतात, आणि तू बायको असून..."

"परक्या आहेत म्हणूनच सांभाळतात."

दाढीवाल्यानं बिस्किटांची बशी मधे सरकवली. मला हसू आलं, ते दाबलं नाही मी. सस्किया माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. तिला काहीतरी लागत असावं, अर्थ की काय तो. मी तिलाच सांगितलं, सरळ, दुसऱ्या कुणाकडे न बघता: "ते ताट वाढलेलं नव्हतं, बाई. माझ्यासमोर पालथं घातलं होतं. आमच्या घरी असंच असायचं. तो पालथं घालायचा आणि मी उचलायची. आज त्यानं बघितलं, मी अजून उचलते का. आणि मी उचलणार होते. एवढी घाण मला त्याच्या डायपरची नाही वाटत."

"गप्प बस ना!" ट्रूडी किंचाळली. तिनं बापाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "त्याच्या तोंडावर काय बोलतेस हे? लाज नाही वाटत? बोलता येत नाही म्हणून काय झालं, त्याला सगळं कळतं, आई! त्याला सगळं आठवतं!"

खाली धक्क्यावर कुठलीतरी साखळी खळखळत गेली.

"तेच सांगतेय मी," मी म्हणाले.

मग ट्रूडीनं मान वळवून बापाकडे पाहिलं, वेगळंच, सावकाश, लहानपणी मान खाली घालून जेवायची तेव्हा तिनं कधी पाहिलं नव्हतं तसं. तो तिच्याकडे बघून हसत होता. तिचा हात त्याच्या हातावरून निघाला नाही, पण थोपटणं थांबलं होतं.